हाताने घडवलेल्या बाहुल्या : ओळख, संग्रह आणि जपणूक

भारतात बाहुल्या घडवण्याची परंपरा किमान साडेचार हजार वर्षांची आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या स्त्रीप्रतिमा, चाकांच्या छोट्या बैलगाड्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या आणि दोरी ओढली की मान हलवणारे बैल सापडले आहेत. यांतील काही वस्तू पूजेतल्या असाव्यात, काही मुलांच्या खेळातल्या. दोन्हींची माती आणि घडवण्याची रीत मात्र सारखीच आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे जुने पुरावे सातवाहन काळातले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्या काळी परदेशांशी व्यापार करणारे नगर होते. तेथे केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या लहान प्रतिमा मोठ्या संख्येने मिळाल्या. पुढच्या आणि मागच्या बाजूचा असे दोन वेगळे साचे करून, त्यांतून निघालेले अर्धे भाग जोडून त्या घडवलेल्या आहेत. तेर येथेच मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तिचे तेर व जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील प्रतिमांशी जवळचे साम्य अभ्यासकांना आढळले. दख्खनमधल्या कारागिरीचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता, हे अशा वीतभर प्रतिमांवरून समजते.

हाताने केलेली बाहुली ज्या गावात घडते, त्या गावचे झाड, माती, सण आणि पेहराव तिच्यात उतरतात. कोणत्या गावात काय घडले हे बहुतेक वेळा तिथे कोणते लाकूड किंवा कोणती माती हाताशी होती यावर ठरले. त्यामुळे बाहुली ओळखायला शिकायचे असेल तर ती कशाची केली आहे आणि कशी केली आहे, या दोन प्रश्नांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. संग्रहाचा पायाही याच दोन प्रश्नांवर उभा राहतो.

कातीव लाकडाच्या बाहुल्या

लाकडी बाहुल्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. एका वर्गात लाकूड चरकावर फिरवून कातले जाते, दुसऱ्यात ते हत्यारांनी कोरले जाते. कातलेली बाहुली गोलाईची असते. डोके, मान, धड, घेर असे तिचे सगळे भाग वर्तुळाकार असतात आणि कोन कुठेच नसतो.

कर्नाटकातील चन्नपटणा हे कातीव खेळण्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाव आहे. ते बंगळूर–म्हैसूर रस्त्यावर, बंगळूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथील कला टिपू सुलतानाच्या आश्रयाने रुजली, अशी परंपरा सांगितली जाते. येथे वापरतात ते लाकूड मराठीत काळा कुडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे. ते पांढरट, हलके आणि बारीक पोताचे असल्याने कातताना त्याचे तुकडे उडत नाहीत. लाकूड आधी पुरेसे वाळवावे लागते, कारण ओलसर लाकडाची वस्तू पुढे आकसून तडकते.

या खेळण्यांचा रंग कुंचल्याने दिलेला नसतो. लाख हे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाच्या स्रावापासून मिळणारे राळेसारखे द्रव्य आहे. त्यात रंग मिसळून कांड्या करतात. चरकावर वेगाने फिरणाऱ्या लाकडावर अशी कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थराने पसरते. नंतर केवड्याचे वाळलेले पान त्यावर दाबून धरतात. त्यामुळे थर सारखा होतो आणि चकाकी येते.

आंध्र प्रदेशात वराहा नदीकाठी असलेल्या एटिकोप्पाका गावातही हेच लाकूड आणि लाखेचीच रीत आहे. या गावाचे वेगळेपण रंगांत आहे. मध्यंतरी कृत्रिम रंगांनी जागा घेतल्यावर सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, बिया, साली आणि मुळे यांपासून रंग काढण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ काम केले आणि गावातील कारागिरांना पुन्हा वनस्पतिजन्य रंगांकडे वळवले. या कामासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एटिकोप्पाकाच्या वस्तूंचे पिवळे, तपकिरी आणि गडद लाल रंग चन्नपटणाच्या झगझगीत रंगांपेक्षा मवाळ दिसतात. दोन्ही गावांच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या तर हा फरक चटकन लक्षात येतो.

कोरीव लाकडाच्या बाहुल्या

कोरीव बाहुल्यांत आंध्र प्रदेशातील विजयवाड्याजवळच्या कोंडापल्लीचे नाव आधी घ्यावे लागते. येथील कारागीर आर्यक्षत्रिय समाजाचे आहेत. ‘तेल्ल पोणिकी’ नावाचे अत्यंत हलके, मऊ लाकूड ते वापरतात. डोके, हात, धड, बैलाची शिंगे, ताडाच्या झाडाची पाने असे भाग वेगवेगळे कोरले जातात. मग चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते जोडतात. हाच लगदा सांधे भरायला आणि नाक, पदराच्या चुण्या असे बारीक उठाव काढायलाही लागतो. त्यावर पांढरा हात देऊन शेवटी रंगकाम होते. अंबारीचा हत्ती, दशावतार, ताडावर चढणारा माणूस, जात्यावर बसलेली बाई हे कोंडापल्लीचे ठरलेले विषय आहेत. एक-एक आकृती विकत घेता घेता संपूर्ण खेडे मांडता येते, हे या कलेचे मोठे आकर्षण आहे.

पश्चिम बंगालच्या पूर्व वर्धमान जिल्ह्यातील नतूनग्राम येथे सूत्रधर समाजाचे कारागीर गामार, म्हणजे मराठीतले शिवण, या झाडाच्या लाकडातून बाहुल्या कोरतात. लक्ष्मीचे वाहन असलेले घुबड ही तेथील सर्वांत ओळखीची आकृती. राजा-राणी आणि गौर-निताई, म्हणजे चैतन्य महाप्रभू व नित्यानंद, यांच्या जोड्याही तेथे होतात. येथे कोरीव काम थोडे असते. लाकडाला मोजके छेद देऊन आकार सुचवला जातो आणि डोळे, वस्त्र, पिसे हे सारे लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या रेषांनी पूर्ण होते.

महाराष्ट्राची जुनी लाकडी बाहुली म्हणजे ठकी. भातुकलीच्या खेळात तिचे स्थान मानाचे होते. एकाच ठोकळ्यातून ती कोरतात. हातपाय सुटे नसतात, लुगडे आणि दागिने रंगाने काढलेले असतात. सुटे अवयव नसल्यामुळे लहान मुलाच्या हातून पडली तरी ती सहसा मोडत नाही, म्हणून तिची ठोसर घडण खेळायला सोयीची होती. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीत चितारी कारागीर पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची भातुकली, हुबेहूब रंगवलेली फळे, बाहुल्या, पाट आणि पाळणे करत आले आहेत. तेथील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आणि लाखकाम मावळत चालले असताना १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात काम देऊन ही कला पुन्हा उभी केली. गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी कारागीरही असेच लाखेचे काम करतात.

मातीच्या बाहुल्या

मातीची बाहुली सर्वांत स्वस्त, सर्वांत सुलभ आणि सर्वांत नाजूक. महाराष्ट्रात तिचे वर्षभराचे वेळापत्रक सणांनी बांधलेले आहे. बेंदराला आणि पोळ्याला कुंभारवाड्यांत मातीचे बैल येतात. विदर्भ आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलोजी आणि भुलाबाईची मातीची जोडी मांडून गाणी म्हणतात. खानदेशात तिला गुलाबाई म्हणतात. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यांसाठी सिंहासनावरचे शिवाजी महाराज, मावळे, तोफा, गवळणी, वाणी अशी ‘चित्रे’ बाजारात येतात. साच्यातून काढलेल्या या चित्रांचे रंगकाम हातानेच होते. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन मावळ्यांच्या मिशा आणि डोळे कधी सारखे नसतात. सण संपला की बरीच माती पुन्हा पाण्यात किंवा अंगणात मिसळून जाते. म्हणूनच सणांची जुनी मातीकामे संग्रहांत फारच थोडी उरली आहेत. ज्याला ती जमवायची आहेत त्याने त्या त्या सणाआधी कुंभाराकडून नवी वस्तू घ्यावी. पूजेत मांडलेली मूर्ती मागणे योग्य नाही.

वास्तवदर्शी मातीकामात पश्चिम बंगालमधील कृष्णनगरचा घूर्णी हा भाग अग्रेसर आहे. जलंगी नदीकाठच्या या वस्तीला १८व्या शतकात नदियाचे राजे कृष्णचंद्र यांचा आश्रय लाभल्याचे सांगतात. शेतकरी, विणकर, बाउल, पुरोहित, भाजीवाली अशा वीतभर उंचीच्या आकृत्यांत कपाळावरच्या आठ्या आणि हातांच्या शिरासुद्धा दाखवल्या जातात. काही आकृत्यांना खऱ्या कापडाचे कपडे आणि केस लावतात. १९व्या शतकात युरोपातील मोठ्या प्रदर्शनांत या आकृत्या पोहोचल्या. त्याच काळात लखनौ आणि पुणे येथील मातीच्या आकृत्यांनाही नाव होते. वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे, त्यांची अवजारे आणि पोशाख या आकृत्यांत नोंदले गेल्याने आज त्यांना सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही मोल आहे.

आसाममधील धुबडी जिल्ह्यातील अशारीकांदी गावची ‘हातिमा’ बाहुली याच्या अगदी उलट आहे. मांडीवर मूल घेतलेल्या आईची ही भाजलेल्या मातीची आकृती आहे. चेहरा आणि अवयव थोडक्या चिमटींत सुचवलेले असतात. तपशील कमी असूनही आई-मुलाचे नाते स्पष्ट कळते, ही त्या घडणीची ताकद आहे. छत्तीसगडमध्ये अक्षय्य तृतीयेला, तेथील ‘अक्ती’ सणाला, मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात आणि त्यासाठी कुंभार दरवर्षी नव्या जोड्या करतात.

लगद्याच्या आणि कापडाच्या बाहुल्या

तमिळनाडूतील तंजावर हे शहर १७व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसल्यांच्या राज्याची राजधानी होते, त्यामुळे मराठी वाचकाला ते परके नाही. तेथील ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणजे मान डोलावणाऱ्या बाहुल्यांना २००८-०९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या बाहुल्यांचे दोन प्रकार आहेत. नर्तकीच्या बाहुलीत घेर, धड आणि डोके हे वेगवेगळे पोकळ भाग एकावर एक टेकवलेले असतात. आतील टोकदार आधारावर प्रत्येक भाग सुटा डोलतो, त्यामुळे हलका धक्का दिला की संपूर्ण आकृती नाचल्यासारखी हलते. दुसरा प्रकार राजा-राणीच्या बाहुल्यांचा. यांचा तळ अर्धगोल आणि मातीने जड केलेला असतो, वरचा भाग कागदाच्या लगद्याचा, पोकळ आणि हलका असतो. गुरुत्वमध्य तळाशी, तळाच्या गोलाईच्या केंद्राखाली राहतो. बाहुली कलंडली की तो वर उचलला जातो आणि वजन तिला पुन्हा सरळ करते. शाळेत शिकवला जाणारा स्थिर समतोलाचा नियम येथे कारागिरांनी अनुभवातून वापरला आहे.

दक्षिणेत नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात. तमिळनाडूत तिला कोलू, कर्नाटकात गोंबे हब्ब आणि आंध्र-तेलंगणात बोम्मल कोलुवू म्हणतात. पायऱ्यांची संख्या विषम असते. वरच्या पायऱ्यांवर देवता, खाली संत, राजे आणि शेवटी बाजार, लग्न, शेती अशी रोजच्या जगण्यातली दृश्ये येतात. लाकडाची ‘मरपाच्ची’ जोडी, म्हणजे नवरा-नवरी, या आरासेत हवीच असते. लग्नात आई मुलीला अशी जोडी देते आणि दरवर्षी तिला नवे कपडे शिवले जातात. दर नवरात्रात एखादी तरी नवी बाहुली आणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. अशा रीतीने आजीपासून नातीपर्यंत वाढत जाणारा हा घरगुती संग्रह भारतातील सर्वांत जुन्या आणि जिवंत संग्रहपद्धतींपैकी एक म्हणता येतो. कांचीपुरम, पनरुट्टी आणि मदुराईजवळचे विलाच्चेरी येथील कारागीर या सणासाठी वर्षभर काम करतात.

कापडी बाहुल्यांत मध्य प्रदेशातील झाबुआची आदिवासी बाहुली वेगळी उठून दिसते. कापूस भरलेल्या देहाला भिल्ल स्त्री-पुरुषांचा पेहराव, मण्यांचे दागिने, धनुष्यबाण किंवा डोक्यावरची टोपली असा साज असतो. त्या बहुधा जोडीने केल्या जातात. या कलेसाठी रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. राजस्थानच्या कठपुतळीत लाकूड आणि कापड एकत्र येतात. चेहरा आंब्याच्या लाकडातून कोरलेला, धड चिंध्या भरलेले आणि पायांच्या जागी लांब घेरदार झगा. पाय नसल्यामुळे थोड्याच दोऱ्यांवर ती गिरक्या घेऊ शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात जुन्या बाहुल्या आणि पोथ्या पाहता येतात.

संग्रहाची दोन उदाहरणे

एका माणसाच्या आवडीतून केवढा संग्रह उभा राहू शकतो, याचे उदाहरण म्हणजे दिल्लीचे शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली होती. त्या स्पर्धेत बक्षीस म्हणून देण्यासाठी हंगेरीच्या राजदूताने एक बाहुली दिली. ती पाहून शंकर यांना बाहुल्या जमवण्याचा नाद लागला. परदेश दौऱ्यांतून ते बाहुल्या आणू लागले, त्यांची प्रदर्शने भरवू लागले आणि १९६५ मध्ये बहादूरशाह जफर मार्गावरील नेहरू हाउसमध्ये संग्रहालय उघडले. आज तेथे सुमारे ८५ देशांतील सहा हजारांहून अधिक बाहुल्या आहेत. संग्रहालयाने स्वतःची कार्यशाळाही चालवली. भारतातील निरनिराळ्या प्रदेशांचे पोशाख, दागिने आणि नृत्यवेष अभ्यासून तेथे बाहुल्या घडवल्या जातात आणि परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात त्या दिल्या जातात.

दुसरे उदाहरण पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अल्पवयात वारलेल्या आपल्या ‘राजा’ या मुलाच्या स्मरणार्थ रोजच्या वापरातल्या कलात्मक वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी यांच्याबरोबर खेळणी आणि बाहुल्याही त्यांनी गोळा केल्या. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केला. राजवाड्यातल्या मौल्यवान वस्तूंइतकेच घरातल्या साध्या वस्तूंनाही महत्त्व आहे, ही केळकरांची दृष्टी बाहुल्यांच्या संग्राहकाला फार उपयोगी पडते.

संग्रहाची सुरुवात

दिसेल ती बाहुली घेत गेले तर कपाट भरते, पण संग्रहाला आकार येत नाही. सुरुवातीलाच एखादे सूत्र ठरवलेले बरे. एका राज्यातल्या बाहुल्या, फक्त लाकडी बाहुल्या, फक्त सणांच्या आकृत्या, नवरा-नवरीच्या जोड्या किंवा आई-मुलाच्या आकृत्या, अशी अनेक सूत्रे शक्य आहेत. सूत्र लहान असले तर थोड्या पैशांत आणि थोड्या जागेतही संग्रह परिपूर्ण होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या गावांचे पोळ्याचे बैल किंवा दिवाळीची चित्रे जमवायला खर्च नगण्य येतो आणि त्या विषयावर अजून करण्यासारखे काम भरपूर आहे.

खरेदी शक्य तेव्हा कारागिराच्या गावी जाऊन करावी. तेथे घडवण्याची रीत पाहता येते, नावे विचारता येतात आणि पूर्ण पैसे करणाऱ्याच्या हाती पडतात. ते न जमल्यास सरकारी विक्री केंद्रे भरवशाची आहेत. तमिळनाडूचे पूमपुहार, कर्नाटकचे कावेरी, आंध्रचे लेपाक्षी आणि दिल्लीचे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम ही त्यांतली परिचित नावे. हरियाणातील सूरजकुंड येथे १९८७ पासून दरवर्षी भरणाऱ्या हस्तकला मेळ्यात देशभरातले कारागीर एकत्र भेटतात.

हातकाम ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कोरीव लाकडाच्या तळाशी किंवा पाठीमागे पटाशीचे हलके छेद दिसतात. कुंचल्याची रेष सुरू होताना जाड आणि संपताना बारीक होते. छापील रेष मात्र सगळीकडे सारखी असते. लाखेचा थर लाकडात मुरलेला असतो आणि नखाने त्याचे पापुद्रे निघत नाहीत. साध्या तैलरंगाचे ते निघतात. एकाच ठिकाणच्या चार बाहुल्या शेजारी ठेवल्या आणि चारींचे चेहरे तंतोतंत जुळले, तर त्या यंत्राने केल्या असण्याचा संभव अधिक. चन्नपटणा, कोंडापल्ली, एटिकोप्पाका, तंजावर या नावांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण असल्याने विक्रेत्याकडे त्याबद्दल विचारणा करता येते.

कायद्याची दोन बंधने माहीत असायला हवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, त्यामुळे हस्तिदंती बाहुली, जुनी असली तरी, विकत घेऊ नये. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्याच पुरावस्तूविषयक कायद्यात येतात. त्यांच्यातील अनेक प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

नोंद आणि निगा

संग्रहातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे नोंदवही. प्रत्येक बाहुलीला एक क्रमांक द्यावा आणि त्यापुढे तिचे स्थानिक नाव, गाव, करणाऱ्याचे नाव, साहित्य, उंची, खरेदीची तारीख, किंमत आणि ती कोणत्या प्रसंगी वापरतात हे लिहावे. पुढून आणि पाठीमागून छायाचित्र काढून ठेवावे. क्रमांक बाहुलीवर शाईने लिहू नये, तो कागदी चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने बांधावा. हाताने केलेल्या वस्तूंवर बहुधा सही नसते. कारागिराचे नाव विकत घेताना विचारले नाही तर ते पुन्हा कधीच मिळत नाही. नोंद असलेली दहा रुपयांची मातीची बाहुली नोंद नसलेल्या महागड्या बाहुलीपेक्षा अभ्यासाला अधिक उपयोगी पडते.

निगा साहित्यानुसार बदलते. लाखेची बाहुली उन्हात किंवा दिव्याच्या उष्णतेजवळ ठेवू नये, कारण लाख उष्णतेने मऊ होते. लाख स्पिरिटमध्येही विरघळते, म्हणून अशी बाहुली स्पिरिट किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नये, कोरडे मऊ कापड पुरते. कच्च्या मातीच्या बाहुलीला ओले फडकेही लावू नये. तिच्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. वनस्पतिजन्य रंगांत हळदीचा पिवळा उजेडाने सर्वांत लवकर उडतो. अशा बाहुल्या खिडकीसमोर मांडू नयेत. लाकडाला भोके पडून खाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा लागला आहे असे समजावे आणि ती बाहुली ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करावी.

कापडी बाहुल्यांचे शत्रू म्हणजे कसर, झुरळे आणि बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात त्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, अधूनमधून बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दमट हवा कोंडून बुरशी वाढते. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या कापडाला वा रंगाला चिकटणार नाहीत अशा वेगळ्या पुडीत असाव्यात. जुन्या बाहुलीला नवा रंग देणे टाळावे. उडालेला रंग हाही तिच्या इतिहासाचा भाग असतो, आणि एकदा वरून दिलेला रंग काढता येत नाही.

स्वतः करून पाहणे

बाहुली स्वतः केली की दुसऱ्याच्या हातचे कौशल्य नीट कळते. यासाठी कापडी बाहुली सर्वांत सोपी. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे कापड धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे ते आटत नाही. कागदावर देहाची आकृती काढून दुहेरी कापडावर ठेवावी आणि शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जागा सोडून कापावे. उलट्या बाजूने उलटी टीप घालावी, कुशीजवळ उघडी जागा ठेवावी. मान आणि बगल अशा वळणांवर शिवणीपर्यंत छोटे छेद दिले नाहीत तर कापड उलटल्यावर चुण्या पडतात. पेन्सिलीच्या बोथट टोकाने कापूस थोडा थोडा भरावा आणि सुरुवात हातापायांच्या टोकांपासून करावी. मानेत कापूस घट्ट बसला नाही तर डोके लवंडते, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव आहे. उघडी जागा आतल्या टाक्याने बंद करून डोळे, ओठ काशिद्याने भरावेत. लहान मुलासाठी बाहुली करायची असल्यास मणी आणि बटणे लावू नयेत, ती सुटून तोंडात जाऊ शकतात.

१९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्या अध्यक्षा कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हस्तकलेला रोजच्या घरात जागा मिळावी यावर भर दिला. कला संग्रहालयात जपता येते, पण ती जिवंत राहते ती कारागिराकडून नवी वस्तू विकत घेणाऱ्यांमुळे. कोंडापल्ली, झाबुआ किंवा सावंतवाडीतल्या कारागिराची पुढची पिढी हातात पटाशी घेईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या मागणीवर अवलंबून आहे. बाहुल्यांचा संग्राहक दरवर्षी एकच बाहुली योग्य किमतीला, करणाऱ्याचे नाव विचारून आणि ते लिहून ठेवून घेत असेल, तर वस्तू, तिची माहिती आणि ती घडवणारे कौशल्य या तिन्हींच्या जपणुकीत त्याचा वाटा राहतो.